वाई शोधताना ‘वाईट’ का सापडते?

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून खंबाटकी घाट ओलांडला की वाई तालुका. समजा, तक्रारींच्या गूगल शीटमधून वाईच्या नोंदी वेगळ्या करायच्या आहेत. साधा शोध लावला, तर ‘शिरवळचा रस्ता वाईट’ आणि ‘हवाई पाहणी’ याही ओळी येतील. संगणक फक्त अक्षरांचा क्रम पाहतो. शब्द कुठे संपला, हे त्याला सांगावे लागते.

शीटमध्ये ‘संपूर्ण सेल जुळवा’ असा पर्याय आहे, पण तो पूर्ण सेलसाठी, त्यातल्या शब्दासाठी नव्हे. म्हणून अ‍ॅप्स स्क्रिप्ट. शीटसाठी आज्ञावली लिहिण्याची ही गूगलची सोय जावास्क्रिप्टवर चालते. तिथे शब्दाची सीमा दाखवायला ‘बॅकस्लॅश बी’ लिहितात. मात्र ही खूण इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेषाच ओळखते. देवनागरीपुढे ती निरुपयोगी.

सोपा उपाय असा: मजकुरातले स्वल्पविराम, पूर्णविराम काढून तिथे मोकळी जागा ठेवा. मग मजकुराच्या आणि शोधशब्दाच्या दोन्ही टोकांना एकेक मोकळी जागा जोडून शोधा. ‘वाईट’ आणि ‘हवाई’ लगेच गळतात.

आता मराठीची खरी गंमत. ‘वाईला’, ‘वाईत’, ‘वाईहून’ हेही गळतात! ‘खंडाळा’ तर ‘खंडाळ्यात’ होताना मूळ रूपच बदलतो. अशी सगळी रूपे शोधशब्दांच्या यादीत द्यावीच लागतात.

नवी शीट करत असाल, तर गावाच्या नावाचा रकाना पहिल्यापासून वेगळाच ठेवा.