माझं नाव कुठल्या रकान्यात?



‘ताण आणि कुटुंब’ यावर बोला असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, अंधेरीत नोकरी करतो. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा ताण कमी करण्याचं शिबिर असतं. श्वास घ्या, श्वास सोडा, मोबाइल लांब ठेवा. जेवण चांगलं असतं. पण त्या निमित्ताने मी या विषयावरची थोडी पुस्तकं वाचली, आणि वाचताना सारखी आमच्या घरातली एक गोष्ट आठवत राहिली. तीच सांगतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच वेळात साधारण ७३. मिठी नदी विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन निघते आणि साकीनाका, जरीमरी, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. आम्ही तिला नालाच म्हणायचो. ती नदी आहे हे त्या दिवशी कळलं. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, म्हणून अम्मी आजही शुक्र मानते.

अब्बा आणि चाचा यांचे जरीमरीत शेजारीशेजारी दोन गाळे होते. दोघांचं काम एकच, शाळेचे गणवेश शिवून देणं. दोन्ही गाळ्यांत सात फूट पाणी. मोटरी जळाल्या, पांढऱ्या टेरिकॉटचे तागे चिखलाने काळे झाले. १५ ऑगस्टच्या आधी द्यायची ऑर्डर दोघांचीही बुडाली. पाणी एक, नुकसान जवळपास सारखं. तरी पाच वर्षांनी चाचांचं घर सावरलेलं होतं आणि आमचं घर वरून सावरलेलं दिसत होतं. या दोन्हींत फरक आहे.

रूबेन हिल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४९ साली ‘फॅमिलीज अंडर स्ट्रेस’ हे पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात घरचा पुरुष लढाईवर गेला आणि परत आला, अशा आयोवा राज्यातल्या कुटुंबांचा त्याने अभ्यास केला होता. त्याने एक साधी मांडणी केली. ए म्हणजे घडलेली घटना. बी म्हणजे त्या वेळी कुटुंबाच्या हाताशी काय आहे ते : पैसा, माणसं, कौशल्य. सी म्हणजे त्या घटनेचा कुटुंब काय अर्थ लावतं. या तिघांतून एक्स ठरतो, म्हणजे घर संकटात सापडतं की नाही, आणि किती खोल. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना अशी मांडणी लगेच आवडते. आत काय घातलं, बाहेर काय आलं.

चाचांच्या घरी बी भक्कम होता. चाची महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षिका, पगार दर महिन्याला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सी. चाचा दुसऱ्या दिवशी चिखलात बसून सगळ्या गल्लीदेखत रडले. मग कापडवाल्याकडे गेले आणि सांगितलं, सगळं गेलं, वेळ द्या. त्याने वेळ दिली. अब्बा रडले नाहीत. त्यांच्या लेखी हा पूर नव्हता, इज्जतीचा प्रश्न होता. कापडवाल्याचे पैसे त्यांनी महिन्याभरात चुकते केले आणि त्यासाठी एका सावकाराकडून १,२०,००० रुपये घेतले. महिना पाच टक्क्यांनी. म्हणजे ६,००० रुपये नुसतं व्याज. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. व्याजाचं पाप आपल्या हातून झालं हे ते अम्मीलाही सांगू शकले नाहीत. अम्मीच्या बांगड्या ‘पॉलिशला’ गेल्या त्या गेल्याच.

हिलची मांडणी पुढे हॅमिल्टन मॅकबिन आणि जोन पॅटरसन यांनी १९८३ मध्ये वाढवली. त्यांचं म्हणणं असं की संकट एका घटनेवर थांबत नाही. तिच्या मागून येणाऱ्या अडचणी एकावर एक साचत जातात, आणि घराने संकटावर केलेला उपायही त्या ढिगात पडतो. आमच्याकडे हेच झालं. पूर एक दिवसाचा होता, लपवाछपवी दोन वर्षं चालली.

या दोन वर्षांबद्दल हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचं १९३६ पासूनचं काम वाचताना मला अब्बाच दिसले. तो सांगतो, शरीर आधी हादरतं, मग झुंजतं, आणि झुंज फार लांबली की थकून कोसळतं. मधली पायरी फसवी आहे. बाहेरून माणूस उत्तम दिसतो. आम्ही कौतुकाने म्हणायचो, अब्बा बघा, पहाडासारखे उभे आहेत. मार्च २००७ मध्ये ते मशीनवरच कोसळले. हार्ट अटॅक. दवाखान्यात भेटायला आलेल्यांत सावकार होता, आणि तेव्हा आम्हाला सगळं कळलं. चाचा फक्त एवढंच म्हणाले, “भाईजान, मी भिंतीपलीकडेच होतो ना?”

इथपर्यंत माझं भाषण तयार होतं. शेवटी मी एक तक्ता केला होता : आमच्या घराकडे काय काय होतं, बी कसा उभा राहिला. त्यात एक ओळ होती, ‘थोरल्या बहिणीची मदत’. परवा आपा आणि मी घाटकोपरहून मेट्रोने येत होतो. तिच्याबद्दलही बोलणार, म्हणून तिला विचारावं असं वाटलं. तक्ता दाखवला. तिने पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारलं, “माझं नाव बीमध्ये का घातलंस?”

मी समजावू लागलो की बी म्हणजे वाईट काही नाही, बी म्हणजे आधार. ती म्हणाली, “ते कळलं. पण पुरात माझं काय गेलं, ते कुठल्या रकान्यात आहे?”

साकीनाका स्टेशन येऊन गेलं. मला उत्तर नव्हतं.

२००५ साली आपा १८ वर्षांची होती, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सप्टेंबरमध्ये कारागीर सोडून गेले तेव्हा अब्बा म्हणाले, एक वर्ष मशीनवर बस, मग पुढे शीक. ती बसली. अब्बा पडल्यावर गाळा तिनेच चालवला, सावकाराचं मुद्दल आधी फेडलं, मग २००८ साली माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली. वर्ष संपताच तिचं लग्न झालं. कॉलेजचं काय झालं, असं कुणी विचारलं की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं : “तिला शिक्षणात रस नव्हता.” हे वाक्य मीही बोललोय. माझ्या बायकोला लग्नानंतर मी हेच सांगितलं.

म्हणजे घटनेला अर्थ लावणं, ते सी, आमच्याकडेही होतंच. फक्त ते तिच्या जिवावर लावलेलं होतं. आणि या मांडणीतली मला दिसणारी खोट हीच. ती कुटुंबाला एक माणूस समजते. कुटुंब सावरलं, असं लिहून मोकळी होते. कोण कशातून सावरलं आणि कोणाच्या खात्यातून, ते विचारत नाही.

अब्बा २०१९ मध्ये गेले. त्यांची गाळ्याची वही माझ्याकडे आहे. त्या रात्री काढून बसलो. कारागिरांची मजुरी नावानिशी, तारखेनिशी लिहिलेली. एका शर्टाला ८ रुपये. आपाचं नाव कुठेही नाही. घरच्यांची मजुरी कोण लिहितो? मग मी लॅपटॉपवर हिशेब मांडला. दिवसाला २० शर्ट, महिन्याला २५ दिवस, सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००८, ४० महिने. १,६०,००० रुपये. अब्बांच्या कर्जाच्या मुद्दलापेक्षा जास्त. आणि ही फक्त शिलाई. गाळा चालवल्याचं यात काहीच धरलेलं नाही.

सकाळी आपाला फोन करून आकडा सांगितला. बराच वेळ ती गप्प होती. मग हसली आणि म्हणाली, “व्याज धरू नकोस हं.”

ते पैसे घ्यायचे की नाहीत, यावर तिचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. हे सगळं इथे सांगायला तिने परवानगी दिली, एका अटीवर, की ‘रस नव्हता’ हे वाक्य खोटं होतं असं मी सगळ्यांसमोर म्हणावं. खोटं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. काही प्रश्न असतील तर मला विचारा, पण दोन-चार तिलाही विचारा.