घासातला घास

आपल्याकडे माया दाखवण्याची जुनी रीत म्हणजे आपल्या घासातला घास काढून देणे. दारातल्या कुत्र्यामांजरांनाही आपण हीच माया लावतो. या मायेने आमच्या घरातले एक मांजर गेले, म्हणून आज हा विषय मी आपल्यापुढे मांडत आहे.

भिलाईतील खुर्सीपार ही वस्ती पोलाद कारखान्याच्या शेजारची. १९५९ साली त्या कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या अनेक प्रांतांतील माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. काही वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड या वस्तीत होते. घरात मनी नावाचे मांजर होते. एके दिवशी ती निपचित पडून राहिली. अंग तापलेले वाटले. घरात पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. माणसाला चालते ते हिलाही चालेल, असे समजून मी अर्धी गोळी पाण्यात खलून तिला पाजली. संध्याकाळपर्यंत तिचे तोंड सुजले, हिरड्या तपकिरी झाल्या, श्वास लागला. पशुवैद्यांनी गोळीचे नाव ऐकले आणि ते काही क्षण गप्प राहिले. पहाटे मनी गेली.

पुढे कारण समजले. आपले यकृत या औषधाला निरुपद्रवी रूप देऊन शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ती शक्ती फारच अल्प असते. उरलेला विषारी अंश रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुर्गपलीकडे अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गोळी देण्यापूर्वी कोणा जाणकाराला विचारावे, एवढेही मला सुचले नव्हते.

जे औषधाचे, तेच अन्नाचे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. म्हणून आमटीत कुस्करलेली पोळी त्यांच्यापुढे ठेवू नये. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्याला वर्ज्यच. चॉकलेट त्याच्या हृदयाला बाधते. कोंबडीचे शिजवलेले हाड दाताखाली अणकुचीदार फुटते आणि घशात किंवा आतड्यात रुतते.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या आजीच्या घरची मांजरे दूधभातावर जगली, त्यांना काय झाले?’ प्रश्न रास्त आहे. परंतु आजीच्या घरी धान्याची कणगी होती आणि कणगीभोवती उंदीर होते. मांजराचे खरे जेवण तेथे होत असे. दूधभात हा वरचा खाऊ होता. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला आहारातून मिळावेच लागते, आणि ते मांसमासळीतच पुरेसे असते. त्याच्या अभावी त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद घरातील मांजराला उंदीर कोठून मिळणार? घरात सामिष शिजत नसेल, तर मांजरांसाठीचे तयार खाद्य आणावे. दूध तर पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना पचतही नाही.

आपण आपले घड्याळही त्यांच्यावर लादतो. सुटीच्या दिवशी उशिरा उठून भर उन्हात कुत्र्याला फिरावयास नेणारे गृहस्थ दिसतात. आपल्या पायांत वहाणा असतात. त्याचे तळवे उघडे असतात. त्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर निववतो. छत्तीसगडच्या काय किंवा विदर्भाच्या काय, मे महिन्यातील डांबरी रस्त्यावर तो केवळ धन्याच्या शब्दाखातर चालत असतो. आपल्या हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद रस्त्याला लावून पाहावी. ती सोसवली नाही, तर त्या वेळी फिरणे नको. पहाट आणि सांज हीच त्याची वेळ.

लसीच्या बाबतीतही आपण असेच आपल्या सवडीने वागतो. पिसाळरोगाची लक्षणे एकदा उमटली की प्राणी वाचत नाही, आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून वैद्याने नेमून दिलेली तारीख टाळू नये. घरातच राहणाऱ्या मांजराचाही यातून अपवाद करू नये.

यांपैकी एकाही गोष्टीला पैसा फारसा लागत नाही. लागते ती एवढी जाणीव, की आपल्या घरात राहणाऱ्या या जिवाचे शरीर आपल्यासारखे नाही.

आता आमच्याकडे दुसरे मांजर आहे. औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे आणि खाली ‘आधी विचारा’ असे दोन शब्द आहेत. मनीच्या वेळी ती चिठ्ठी तेथे नव्हती.