नियमात कुठं लिहिलंय?



‘आपल्यात बायका तिथं जात नाहीत.’ गटांच्या बैठकींना फिरताना हे वाक्य आम्हाला गावोगाव ऐकू येतं. म्हणून आज सांगतो लंडनच्या मॅज सायर्सची गोष्ट.

मॅजचा खेळ फिगर स्केटिंग. बुटाच्या तळाला पोलादी पातं लावायचं, बर्फावर घसरत गिरक्या घ्यायच्या आणि त्या काळी त्या पात्यानं बर्फावर ठरलेल्या आकृत्याही काढाव्या लागत.

१९०२ साली लंडनला जागतिक स्पर्धा भरली. तोवर तिथं फक्त पुरुषच उतरत. मॅजनं आपलं नाव दिलं. आता तिला अडवायचं कसं? बायकांना मनाई आहे, असं नियमात कुठंच नव्हतं. बाई येईल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं! मॅज खेळली आणि पुरुषांमध्ये दुसरी आली. पुढं होता फक्त स्वीडनचा उल्रिक साल्को.

मग मात्र संघटना जागी झाली. १९०३ साली बायकांना बंदी घातली. कारणं काय दिली? लांब घागऱ्यामुळं पाय दिसत नाहीत. परीक्षकाचं एखाद्या खेळाडू मुलीवर मन असलं तर न्याय कसा होणार. आणि बाईची पुरुषाशी तुलना अवघड. म्हणजे मन परीक्षकाचं, शिक्षा बाईला!

मॅज घरी बसली नाही. ब्रिटनच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र खेळत. तिथं ती १९०३ला जिंकली. १९०४ला पुन्हा जिंकली, तीही आपला नवरा एडगर याला हरवून. घागरा पोटरीपर्यंत आखूड केला. पाय दिसू लागले. १९०६ साली संघटनेनं बायकांची वेगळी स्पर्धा सुरू केली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही मॅजच पहिली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिला सुवर्णपदक मिळालं. एडगरबरोबर जोडीच्या स्पर्धेत कांस्यपदकही. आयुष्य मात्र थोडं. १९१७ साली, पस्तिसाव्या वर्षी ती गेली.

मैत्रिणींनो, रीत वेगळी आणि नियम वेगळा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तरी किती गावांत ती नुसती कागदावर होते! यापुढं कुणी ‘बायकांना चालत नाही’ म्हणालं, तर भांडू नका, गप्पही बसू नका. एवढंच विचारा, ‘नियमात कुठं लिहिलंय? दाखवा.’ आणि नियमच आडवा आला, तर तो बदलून घ्यायला सगळ्याजणी मिळून जाऊ.