ज्वारीच्या पायल्या आणि दवाखान्याचे बिल
(मंडळाच्या वर्धापनदिनी साखरखेर्डा येथे झालेले भाषण)



मंडळापुढे ह्या वर्षी जो ठराव आला आहे तो आपणां सर्वांना ठाऊक आहेच. मासिक वर्गणीतून शिल्लक पडणाऱ्या पैशांचा एक ‘आजार निधी’ काढावा आणि कोणा सभासदाच्या घरी मोठे दुखणे आले की त्यातून मदत करावी, असा तो ठराव आहे. मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे ह्यात संशय नाही. पण हेतू चांगला म्हणून हिशेबही जुळतोच असे नाही, आणि मला आज बोलावयाचे आहे ते हिशेबाविषयीच.

दुखणे घर कसे खाते हे मी आपणांस सांगावे असे नाही. बिल आले की आधी गळ्यातली पोत सोनाराकडे जाते, मग गोठ्यातले जनावर बाजारात जाते, आणि एवढ्याने भागले नाही तर धुऱ्याकडचा अर्धा एकर जातो. आपल्या देशात आरोग्यावर जो एकंदर खर्च होतो, त्यातील शंभर रुपयांपैकी ६४ रुपये २०१३–१४ साली लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. २०२१–२२ च्या सरकारी हिशेबात हा आकडा ३९ वर आला आहे. उतार मोठा आहे, नाही कशाला म्हणा? परंतु आजारी पडल्यावर आयत्या वेळी काढलेले ३९ रुपयेसुद्धा गरिबाला जड असतात. पैसा जातो ह्यापेक्षा तो केव्हा जातो, ह्यातच खरे दुःख आहे. पेरणीच्या तोंडावर बाळंतीण अडली, तर घरात बियाण्याचे पैसे असतात, दवाखान्याचे नसतात.

ह्याच अडचणीवर आपल्याच विदर्भात एक तोड निघाली होती. ती सेवाग्रामची. डॉ. सुशीला नायर ह्यांनी स्वातंत्र्यापूर्वी तेथे कस्तुरबा रुग्णालय उभे केले, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत फिरू लागले. गावकऱ्यांशी बोलून त्यांनी एक विमा काढला. त्याचा हप्ता पैशात नव्हता, ज्वारीत होता. सुगी झाली, खळ्यावर रास पडली, की घरोघरची ज्वारी गावात गोळा करावयाची. भूमिहीन मजुराने ठराविक पायल्या द्यावयाच्या, आणि ज्याला शेत आहे त्याने त्यावर एकरी आणखी काही. औषधपाणी मात्र दोघांना सारखेच.

भगिनींनो, ह्या साध्या दिसणाऱ्या व्यवस्थेत फार शहाणपण आहे. सुगीला दिले, म्हणजे हातात असताना दिले. ऐपतीप्रमाणे दिले, म्हणून देणे कोणाला खुपले नाही आणि घेताना कोणाला लाज वाटली नाही. तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गावातील निदान पाऊणपट घरे आली तरच योजना घ्यावयाची, अशी अट होती. असे का? कारण ज्याच्या घरी खाट धरलेले माणूस आहे तोच आधी नाव घालावयास धावतो, आणि धडधाकट म्हणतो, ‘मला काय गरज?’ मग सगळे आजारीच एकत्र आले तर निधी दिवाळीपर्यंतही टिकत नाही. न आजारी पडणाऱ्याची पायली आजारी पडणाऱ्याच्या उपयोगी यावयाची, एवढेच विम्याचे मर्म आहे. जर्मनीत १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हाही वर्गणी सक्तीचीच होती.

आणखी एक भेद सेवाग्रामच्या मंडळींनी केला होता. अवचित आलेल्या आजारासाठी रुग्णालयात फुकट उपचार मिळत. पण जे आधीपासून ठाऊक असते, उदाहरणार्थ सरळ बाळंतपण किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, त्यासाठी फक्त सवलत मिळे. जे येणार हे माहीत आहे त्याची तयारी घराने करावी, आणि जे माहीत नाही त्याचा भार गावाने उचलावा, असा तो विचार होता. मला तो पटतो.

आता ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून आपण भलत्याच भ्रमात राहू. ज्वारीच्या पायल्यांनी सेवाग्रामचे रुग्णालय चालत नव्हते. त्या संस्थेच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारने, पाव राज्य सरकारने आणि उरलेला पाव संस्थेने उचलावयाचा, अशी रचना आहे. शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरण यंत्र, शिकलेले डॉक्टर हे खळ्यावरच्या राशीतून उभे राहत नाहीत. ज्वारीने काय झाले? गावातल्या आरोग्यसेवकाला आधार मिळाला, आणि गावकरी रुग्णालयाच्या दारात उभा राहिला तो याचक म्हणून नव्हे, तर वर्गणीदार म्हणून. हे काही थोडे नव्हे. पण हे म्हणजे सर्व काही नव्हे.

आता हाच हिशेब आपल्या ठरावाला लावून पाहू. समजा, आपण ६० जणींनी महिना १०० रुपये काढले. वर्षाचे झाले ७२ हजार. एका आजीचे मांडीचे हाड मोडले आणि खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, की तो निधी एका घरातच संपेल. दुसरी आजी पडली तर तिला आपण काय सांगणार? लहान हौदाने मोठी आग विझत नाही. मोठ्या दुखण्याला मोठाच हौद लागतो, सबंध राज्याचा, सबंध देशाचा. आणि तो हौद आपल्याच करांतून भरलेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. २०२३ साली ती रेशनकार्ड असलेल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला, आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत वाढली. सत्तर वर्षांच्या पुढच्या माणसाला, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार २०२४ पासून मिळू लागले. तेव्हा मोडलेल्या हाडासाठी आपण वर्गणी जमविण्यापेक्षा, त्या आजीचे कार्ड निघाले आहे की नाही हे पाहणे हे मंडळाचे पहिले काम आहे. कित्येक घरी कार्ड काढण्याची आठवण होते ती रुग्ण गाडीत घातल्यावर.

पण ह्या योजनेलाही एक मोठे भगदाड आहे, आणि मी बोलावयास उभी राहिले ती त्यासाठीच. ती योजना रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या, यादीतल्या उपचारांची आहे. रोजच्या गोळीची नाही. आणि आता आपल्या गावचे दुखणे बदलले आहे.

आपल्या आज्या ज्या रोगांना भीत, ते पटकी, देवी, प्लेग असे रोग होते. ते येत, माणूस नेत किंवा सोडून देत, आणि जात. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली सापडला, पोलिओही गेला. आताचे रोग घरी येऊन राहतात. रक्तदाब, मधुमेह, सांधे, हृदय. आपल्याच जिल्ह्यात उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात, मूत्रपिंडाचे रोगी किती आहेत ते तिकडे सून दिलेल्या बायांना विचारावे. शिवाय घरातली माणसेही बदलली. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ १० माणसे साठीच्या पुढची होती. मुले पुण्याला, संभाजीनगरला नोकरीवर. घरी म्हातारा-म्हातारी आणि सोयाबीनचे शेत. ज्वारीसुद्धा आता खळ्यावर पूर्वीसारखी कोठे दिसते?

असा आजार एकदम बुडवीत नाही, तो थेंबाथेंबाने गळतो. महिन्याच्या गोळ्या, तपासणी, चिखलीला किंवा मेहकरला जाण्याचे गाडीभाडे, आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. हे न परवडल्याने म्हातारी काय करते? एक दिवसाआड गोळी घेते. ‘आता बरं वाटतं,’ असे म्हणून थांबवते. आणि दोन वर्षांनी अर्धांगाचा झटका येतो. मग तो ५ लाखांचा हौद उघडावा लागतो, आणि त्यानंतर अंथरुणावरच्या माणसाचे करण्यासाठी घरातल्या एका बाईचे जगणे बांधले जाते. म्हणजे रोजची स्वस्त गोळी चुकली, म्हणून सरकारचाही पैसा गेला आणि घराचाही.

ह्यावर तोड काय? ती फार अवघड नाही. रक्तदाब आणि मधुमेह ह्यांची नेहमीची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट द्यावयाची आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांत काही वर्षांपूर्वी रक्तदाबाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात ठरलेलीच थोडी औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, आणि न आलेल्या रोग्याची चौकशी, एवढ्या साध्या गोष्टींवर भर होता. पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की मजूर बाई सहा खेपा घालीत नाही, हे काही मोठे शास्त्र नव्हे. पण तसे ठरवावे लागते.

न आलेल्या रोग्याची चौकशी कोणी करावी? आशाताई करतात. पण त्यांच्या मागे बाळंतिणी, लसी, नवजात बाळांच्या भेटी आणि असंख्य कागद आहेत, आणि मोबदला किती तो त्यांनाच विचारा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना शिकवून गावोगावचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. त्या बाया आपल्याहून काही वेगळ्या नव्हत्या.

म्हणून ठरावाला माझी अशी दुरुस्ती आहे. निधी काढावा, पण मोठ्या बिलासाठी नव्हे. तो तपासणीच्या वाटखर्चासाठी, सोबत जाणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीसाठी, आणि केंद्रात गोळ्या संपल्या असतील त्या आठवड्यापुरत्या गोळ्या विकत घेण्यासाठी असावा. वर्गणी सर्वांना सारखी नसावी. ज्यांच्याकडे ओलिताचे शेत किंवा नोकरी आहे त्यांनी दुप्पट द्यावी, आणि ती सोयाबीनचा पैसा हातात आल्यावर एकदमच द्यावी. आजारी घरे तेवढी आत आणि बाकीची बाहेर, असे होऊ देऊ नये. मंडळातील पाऊणपट घरे आली नाहीत तर निधी काढूच नये. आणि केंद्रात गोळ्या वारंवार संपत असतील, तर त्या विकत घेत बसू नये. गावाची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे. त्यांच्या बैठकीत जाऊन, किती दिवस कोणती गोळी नव्हती ते तारीखवार सांगावे. ‘औषध मिळत नाही’ ह्या तक्रारीला उत्तर मिळत नाही; तारखांना मिळते.

त्यासाठी प्रत्येक आळीला एक वही पाहिजे. कोणाला कोणती गोळी चालू आहे, मागची केव्हा नेली, पुढची केव्हा संपेल, कार्ड निघाले की नाही, एवढेच तिच्यात असावे. दुखण्याची चर्चा पाणवठ्यावर होणार नाही, ही जबाबदारी मात्र वही धरणारीची. नाही तर पुढल्या महिन्यात कोणी नावच सांगणार नाही.

चार वह्या कोषाध्यक्षबाईंकडे दिल्या आहेत. दुरुस्ती मंजूर झाली, तर ज्या भगिनी आपल्या आळीची वही घेण्यास तयार असतील, त्यांनी चहापाण्यानंतर पाच मिनिटे थांबावे.