बोहारणीला देण्यापूर्वी



सासूबाई गेल्यावर त्यांची इरकली लुगडी बोहारणीला देऊन मी स्टीलचा डबा घेतला. थोरल्या वन्सं एवढेच म्हणाल्या, “एखादे तरी ठेवायचे होतेस गं!” डबा उघडताना तो शब्द अजून टोचतो.

बोहारणीला मी नावे ठेवीत नाही; तिच्यामुळेच जुना कपडा पुन्हा कुणाच्या अंगाला लागतो. चूक माझीच. १ किलो सुती कापडामागे सरासरी १०,००० लिटर पाणी लागते, असे तज्ज्ञ सांगतात. मग कपाट भरलेले असता नवे कशाला? शाबूत काठ पोलक्याच्या बाह्यांना शोभतात; मऊ लुगड्याची गोधडी होते.

पुढल्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपली एक चांगली साडी आणावी, दुसरीची न्यावी. माझी मी आजच आणली आहे.