संबळ आणि बाटा

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे रेणुकामातेचे ठाणे, तर लातूरकरांना तुळजापूरची भवानी जवळची. या दोन देवींच्या उपासनेतून गोंधळ्यांच्या रेणुराई व कदमराई या दोन परंपरा चालत आल्या. लग्नमुंजीचे कार्य पार पडले की रात्री चौक मांडावयाचा, कलश ठेवावयाचा, दिवटी पाजळावयाची आणि संबळ कडाडला की ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावानिशी गोंधळाला पाचारावयाचे, ही रीत. तेथे वाद्य म्हणजे गाण्याची केवळ साथ नव्हे. ती देवतेला घातलेली साद होय. ती ऐकता ऐकता एखाद्या भक्ताच्या अंगात वारे येते.

हीच श्रद्धा सातासमुद्रांपलीकडे क्यूबा बेटातही आढळते. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांना गुलाम करून तेथील उसाच्या मळ्यांत राबविण्यात आले. त्यांची भूमी सुटली. ओरिशा नावाच्या त्यांच्या देवता मात्र सुटल्या नाहीत. बाटा नावाचे तीन दुतोंडी ढोल एकमेकांशी जणू संवाद करतात. प्रत्येक ओरिशाचा ठेका निराळा, नृत्य निराळे. आणि नाचता नाचता देवता भक्ताच्या अंगी संचरते.

क्यूबातील चानो पोझो हा वादक १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये डिझी गिलेस्पीच्या जॅझ वाद्यवृंदात सामील झाला. त्याचा कोंगा हा बाटा नव्हे, लौकिक नाचाचा ढोल होय. परंतु त्याच्या कंठात आफ्रिकी भक्तिपरंपरेतील आवाहने होती. त्याला स्वरलेखन येत नसे. वाद्यांचे तुकडे तो तोंडाने गाऊन दाखवी. ‘मांतेका’ ही रचना अशीच सिद्ध झाली. वाद्यवृंदाने ढोलाला आपल्या मापात बसविले नाही. तो ढोलाचे बोल शिकला. १९४८ च्या डिसेंबरात पोझोची हत्या झाली, पण त्याने घातलेला पायंडा टिकला.

आज गोंधळही रंगमंचावर व महाविद्यालयीन युवक महोत्सवांत येतो. रात्रभराचा विधी तेथे काही मिनिटांत आटोपतो. हे गैर काय? क्यूबातील वादकांनी यावर एक तोड काढली आहे: अभिमंत्रित बाटा पूजेसाठी, तर रंगमंचासाठी संस्कार न केलेले निराळे ढोल. संबळानेही खुशाल जगभर फिरावे, जॅझशी संगत करावी. मात्र घरचा चौक मांडण्याचे थांबले, तर आवाहनाची विद्या मुलाने बापापासून शिकावी कोठे? अंगणातील दिवटी तेवती राहील, तरच रंगमंचावरील उजेडाला अर्थ राहील.