सॉफ्टवेअर अडलं, तर फोन कोण उचलणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



३१ मार्चला वर्ष संपतं. हिशोब मिटवायचे, मग ऑडिट. नेमकं अशा वेळी हिशोबाचं सॉफ्टवेअर अडतं आणि कंपनीच्या नंबरवर नुसतं गाणं वाजत राहतं. मागच्या वर्षी आपल्या संघानं हे ८ दिवस सोसलं. ताळेबंद निघेना, म्हणून दोन गटांची कर्जाची फाईल बँकेत अडून राहिली.

म्हणून सांगते, पैसे देण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या. तक्रार कोणाकडे करायची? किती तासांत माणूस बोलेल? वर्षाच्या देखभालीचे पैसे किती? आणि करार संपला, तर आपली सगळी माहिती आपल्याला एक्सेलमध्ये परत मिळेल का? नुसतं "ताई, काळजी करू नका" ऐकून सही करू नका.

तक्रार केली की तक्रार क्रमांक मागा, तारीख-वेळ वहीत लिहा, स्क्रीनचा फोटो पाठवा. फोन लावताना करारावरचाच नंबर लावा. इंटरनेटवर सापडलेला नंबर ठगाचा असू शकतो. ओटीपी कुणालाच सांगू नका.

दर आठवड्याला पेनड्राईव्हवर बॅकअप घ्या. आणि वह्या सोडू नका. नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. बैठकीत सगळ्यांसमोर लिहिलेली रोजकीर्द कुणाच्या फोनवर अडून राहत नाही.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या सॉफ्टवेअरचा करार कुठंय, आणि त्यात काय लिहिलंय?